प्रस्तावना : दांडा फिरवणाऱ्यांसाठी

टिपू सुलतानाचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उताण्या पडलेल्या एका युरोपीय माणसाच्या नरडीशी तोंड नेलेला, जवळजवळ पूर्णाकृती, रंगवलेला वाघ. त्याच्या अंगाला एक दांडा आहे. तो फिरवला की पोटातले भाते चालू होतात, खालच्या माणसाचा हात वरखाली होतो, त्याच्या गळ्यातून विव्हळण्यासारखा आवाज निघतो आणि मधूनमधून वाघ गुरगुरतो. वाघाच्या कुशीचे झाकण उघडले तर आत पट्ट्यांचा एक छोटा पाइप ऑर्गनही आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, लुटीत हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला आणि पुढे १८०८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या मुख्य कचेरीत लोकांना पाहायला ठेवला गेला. तिथल्या ग्रंथालयात अभ्यासाला बसणारे वाचक त्याच्या आवाजाने वैतागून गेले होते, कारण वाघ बघायला आलेली मंडळी दांडा फिरवल्याशिवाय जात नसत.

या वाघाच्या राजकारणाविषयी, त्यातल्या सूडाविषयी, म्हैसूरच्या सुतारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या वैतागलेल्या वाचकांत जास्त रस आहे. दांडा दिसला की माणूस तो फिरवून बघतो. त्यासाठी पाटी लागत नाही, वयाची अट लागत नाही, भाषाही लागत नाही. तुमच्या हातातले पुस्तक माणसाच्या याच खोडीच्या भरवशावर लिहिलेले आहे.

विषय आहे हाताने चालवायच्या यंत्रबाहुल्या आणि गतिशिल्पे. आणि तीही घरात, गल्लीत, भंगारात सापडलेल्या वस्तूंची. जगभर या प्रकाराला ऑटोमॅटा म्हणतात. बहुतेक नमुन्यांची बांधणी सारखीच असते. वर एखादा प्रसंग : भाकरी थापणारी बाई, पाण्यात सूर मारणारा मुलगा, खुर्चीत डुलक्या घेणारा कारकून. खाली एक पेटी. पेटीत आडवा आस, आसावर एकदोन चकत्या, चकत्यांवर टेकलेल्या उभ्या काड्या, आणि पेटीबाहेर दांडा. दांड्याने आस फिरतो, आसाबरोबर चकती फिरते, चकतीच्या कडेवर टेकलेली काडी वरखाली होते आणि कारकुनाचे डोके हळूहळू खाली येऊन दचकून वर जाते. या चकतीला कॅम म्हणतात. तिची कड जशी कापाल तशी वरची हालचाल. म्हणजे कारकुनाने किती वेळ पेंगायचे आणि कधी दचकायचे हे करवतीने आधीच ठरवून ठेवलेले असते.

यंत्रबाहुलीचा कळसूत्री बाहुलीशी असलेला फरक इथेच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने सांभाळलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे बाहुलीची प्रत्येक मान, प्रत्येक पाऊल त्या क्षणी कलावंताच्या बोटांतून येते. आज प्रयोग रंगला तर राक्षस जरा जास्त नाचेल. यंत्रबाहुलीला ही मुभा नाही. तिचे नाचणे आधीच कापलेले असते. फिरवणाऱ्याच्या हाती उरतो तो फक्त वेग. पण तो वेगच फार मोठी गोष्ट आहे.

या कलेचा इतिहास सांगताना बहुधा एक लांबलचक माळ ओवली जाते : ग्रीक, अरब, जपानी, स्विस, आणि शेवटी आपण. मला तो इतिहास दोन पंथांच्या भांडणासारखा दिसतो. एक पंथ यंत्र लपवणाऱ्यांचा, दुसरा दाखवणाऱ्यांचा.

पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हीरो दोन्हींकडे पाय ठेवून होता. त्याची छोटी नाट्यगृहे आपोआप चालत. त्यांच्या आत एक वजन असे. ते धान्याच्या बारीक दाण्यांवर टेकलेले असे, दाणे भोकातून हळूहळू गळत, वजन खाली येई आणि त्याला बांधलेली दोरी आस फिरवी. आसावर खुंट्या रोवून दोरी कधी इकडून तर कधी तिकडून गुंडाळली की गाडी पुढे जाई, थांबे, मागे येई. प्रेक्षकांना यातले काही दिसत नसे. पण हीरोने ते लिहून ठेवले.

आपल्याकडे अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. त्यात लाकडी पक्षी आहेत, नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत, दारावर पहारा देणारे लाकडी शिपाई आहेत. वाचताना हात शिवशिवतात. पण या वस्तू बांधायच्या कशा, ते मात्र ग्रंथकार सांगत नाही. आपल्याला येत नाही म्हणून नव्हे, तर गुप्तता राखायची म्हणून सांगत नाही, असेही तो स्पष्ट करून टाकतो. त्याच्या नंतर दीडदोन शतकांनी, १२०६ मध्ये, दियारबकीरच्या दरबारातल्या अल् जझारीने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला तो नेमका उलट्या वृत्तीने : आकृत्या, मापे, कोणता भाग कशाचा करायचा, जोड कसा द्यायचा, सारे काही. त्याच्या वर्णनावरून आजचे कारागीर त्याची घड्याळे पुन्हा बांधू शकले आहेत. भोजाच्या बाहुल्या कुणालाच बांधता आल्या नाहीत. गुप्ततेने विद्या टिकते असे मानणाऱ्यांनी या दोन ग्रंथांचे पुढे काय झाले ते शेजारी ठेवून पाहावे.

जपानमध्ये होसोकावा हान्झो याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चहा आणून देणाऱ्या बाहुलीच्या आतले चित्र दिले. तिच्या तबकावर पेला ठेवला की ती चालू लागते, पाहुण्याने पेला उचलला की थांबते, रिकामा पेला परत ठेवला की वळून यजमानाकडे जाते. चाके लाकडाची, आणि स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची. वरून मात्र किमोनो, म्हणजे आतले काही दिसायला नको. याच मातीत वाढलेल्या तानाका हिसाशिगेने बाण मारणारा मुलगा बनवला. त्याने पुढे काढलेल्या कारखान्यातून आजची तोशिबा कंपनी उभी राहिली.

युरोपात अठराव्या शतकात लपवण्याची कला शिगेला पोचली. वोकांसाँचे १७३९ मधले बदक दाणे खाई आणि थोड्या वेळाने शी करी. पाहणारे थक्क होत. खाल्लेले दाणे आत एका कप्प्यात राहत आणि बाहेर येणारा माल आधीच भरून ठेवलेला असे. केंपेलेनचा १७७० मधला बुद्धिबळ खेळणारा तुर्क तर शुद्ध बनवाबनवी, पेटीत जिवंत खेळाडूच बसवलेला. या गदारोळात प्रामाणिक राहिला तो झाके द्रो पितापुत्रांचा लेखनिक : सुमारे सहा हजार भागांचा, टाक दौतीत बुडवून चाळीस अक्षरांपर्यंत हवा तो मजकूर लिहिणारा मुलगा. तो स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात अजून लिहितो. त्याची पाठ उघडली की कॅमची चळत दिसते. माझ्या मते त्याच्या चेहऱ्यापेक्षा ती पाठ सुंदर आहे.

हे सगळे राजेरजवाड्यांचे, घड्याळजींचे, सोन्याचांदीचे काम झाले. आपल्या विषयाचा खरा उगम विसाव्या शतकात आहे, आणि तो दोन झऱ्यांतून आला.

पहिला झरा चित्रकार-शिल्पकारांचा. अलेक्झांडर काल्डर हा शिक्षणाने यांत्रिकी अभियंता. १९२६ पासून पुढची काही वर्षे त्याने पॅरिसमध्ये तार, बुचे, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांची एक सर्कस बनवली. पेट्यांत भरून ती तो मित्रांच्या घरी न्यायचा आणि जमिनीवर बसून स्वतः खेळ करायचा; झोपाळ्यावरचे कसरतपटू, सिंह, तलवार गिळणारा, सगळे दोऱ्या-दांड्यांवर. हा धिप्पाड माणूस पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर रांगत तारेचा घोडा फिरवतो आहे, हे त्या सर्कशीचे निम्मे कौतुक होते. वाऱ्यावर तरंगणाऱ्या ज्या शिल्पांमुळे तो जगप्रसिद्ध झाला ती नंतरची. १९५५ मध्ये तो गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि तिथेही काही शिल्पे करून गेला. ज्यां तिंगेली याने सायकलची चाके, पिपे, जुने पियानो जोडून खडखडणारी, धूर सोडणारी यंत्रे उभी केली. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात त्याचे एक यंत्र ठरल्याप्रमाणे स्वतःला मोडू लागले. २७ मिनिटांनी अग्निशमन दलाला मध्ये पडावे लागले. भंगाराला कलादालनात मान मिळवून देणाऱ्यांत तिंगेलीचे नाव वरचे. पण त्याची यंत्रे विजेवर चालत आणि प्रेक्षक लांब उभा राही. या पुस्तकाला तो चुलता लागतो, बाप नव्हे.

दुसरा झरा खेळणी करणाऱ्यांचा, आणि तो आपल्याला जवळचा. इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फाल्मथ गावात स्यू जॅक्सन या बाईंनी १९७९ मध्ये ‘कॅबरे’ नावाचे हस्तकलेचे दुकान काढले. पीटर मार्की, पॉल स्पूनर, रॉन फुलर अशा कारागिरांची हलती खेळणी तिथे मिळू लागली. विकली जाणारी खेळणी गेली की दुकान ओकेबोके दिसे, म्हणून त्यांनी काही नमुने राखून ठेवायला सुरुवात केली आणि पुढे हा संग्रह लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘कॅबरे मेकॅनिकल थिएटर’ म्हणून गेला. २००० मध्ये तिथले दालन बंद झाले; संग्रह फिरता राहिला. या मंडळींत दोन टोके आहेत. मार्कीचे काम ओबडधोबड, भडक रंगांचे, दोन तारा आणि एक लाट एवढ्यावर भागवणारे. स्पूनर घड्याळजीच्या हाताचा आणि तिरकस डोक्याचा. कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव अनुबिस त्याच्याकडे अगदी घरगुती माणसांसारखा वागतो. पण दोघांनीही पेटीची बाजू उघडी ठेवली. वर विनोद, खाली तो विनोद कसा होतो त्याचा खुलासा, आणि खुलासा कळल्यावरही विनोद मरत नाही. लपवणाऱ्यांच्या दोन हजार वर्षांना हे उत्तर होते.

याच काळात समुद्रापलीकडे आर्थर गॅन्सनने एक यंत्र केले, ज्यात बारा जोड्यांची गिअरमाळ प्रत्येक टप्प्याला वेग पन्नासपटीने कमी करते. एका टोकाला मोटर भरभर फिरते आणि दुसऱ्या टोकाचे शेवटचे चाक काँक्रीटमध्ये गाडलेले आहे. तरीही काही मोडत नाही, कारण त्या चाकाचा एक फेरा पुरा व्हायला दोन लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील. हॉलंडमध्ये तेओ यान्सन १९९० पासून वायरिंगच्या पिवळ्या प्लॅस्टिक नळ्यांची प्राणीवजा यंत्रे समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालवतो आहे. आफ्रिकेत मलावी, झांबियातली मुले तारेच्या मोटारी बनवतात. लांब तारेच्या टोकाला स्टिअरिंग असते आणि मूल उभ्याने चालत गाडी वळवते. या मुलांची नावे कुठल्या यादीत नाहीत. पण टाकाऊ तारेतून सुकाणू काढणे हे काल्डरच्या घोड्याइतकेच अक्कलहुशारीचे काम आहे.

आता आपल्याकडे. जत्रेत अजून कधीकधी एक मातीच्या चाकांची गाडी मिळते. दोरीने ओढली की वरच्या छोट्या ढोलावर दोन काड्या टपटप वाजतात. गाडी उलटी करून पाहा. काड्या पीळ दिलेल्या दोऱ्यात अडकवलेल्या असतात. आसावरचा उंचवटा काडीचे शेपूट दाबतो, सोडतो, आणि दोऱ्याचा पीळ काडीला ढोलावर आपटतो. म्हणजे कॅम झाला आणि स्प्रिंगही झाली. हातात धरायच्या फळीवर दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आणि खाली दोऱ्यांना टांगलेला गोळा, हेही तसेच : गोळा गोल फिरवला की एकेक दोरा आळीपाळीने ताणला जातो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या सुदर्शन खन्ना यांनी १९८३ मध्ये अशा भारतीय खेळण्यांचे पुस्तक केले तेव्हा प्रथमच कुणीतरी या चारआठ आण्यांच्या वस्तूंकडे अभियंत्याच्या आदराने पाहिले.

अरविंद गुप्तांचे नाव या प्रांतात सर्वांना माहीत आहे, पण त्यांच्या कामातला यंत्राचा भाग पुरेसा ओळखला गेलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडून पुण्यात टेल्कोत नोकरी करणारा हा माणूस १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथे त्याने काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. सगळी यंत्रविद्या या दोन वाक्यांत बसते. जे हलू नये ते त्रिकोणाने बांधा, जे हलावे ते चौकोनाने. यान्सनच्या किनाऱ्यावरच्या प्राण्याचा पाय उलगडला तर असेच त्रिकोण आणि चौकोन निघतात, फक्त त्यांची मापे फार विचारपूर्वक ठरवलेली असतात. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी शेकडो खेळण्यांची कृती मराठीसह अनेक भाषांत कुणालाही फुकट उपलब्ध करून दिली. अल् जझारीच्या पंथातला आमच्या काळातला माणूस कोण, असे विचाराल तर मी हे नाव घेईन.

आणि गणपतीचे हलते देखावे! महाराष्ट्राची सर्वांत मोठी, सर्वांत गर्दीची आणि सर्वांत दुर्लक्षित गतिशिल्प परंपरा हीच आहे, असे माझे मत आहे. अफझलखानाचा वध असो की गजेंद्रमोक्ष, वाघनखे उगारणारा हात कुठल्यातरी क्रँकवरच, म्हणजे कोपर काढून वाकवलेल्या आसावरच, चढतो आणि मगरीचा जबडा कुठल्यातरी कॅमवरच उघडतो. हे बांधणाऱ्यांना पुस्तकी नावे ठाऊक नसतील. हालचाल कुठे अडते आणि कुठे सैल सोडायची हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळते. पण या कलेत पडद्याला महत्त्व. मोटर, साखळ्या, लाकडी दांडे मागे, आणि समोर निवेदकाचा घनगंभीर आवाज. दहा दिवसांनी सारे उतरते. लहानपणी आमच्यातली अर्धी मुले देखावा पाहण्याऐवजी मंडपाच्या मागच्या फटीतून आत डोकावत असत, आणि कार्यकर्ते आम्हाला हुसकावत. हे पुस्तक त्या फटीतून डोकावणाऱ्यांचे आहे.

दांडाच का, मोटर का नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. स्वस्त पडतो हे एक उत्तर झाले. खरे कारण हाताला कळते. काडी भोकात अडकली तर दांडा जड लागतो आणि हात आपोआप थांबतो. मोटर थांबत नाही, ती काडी मोडते. हलक्या आणि जड जागा बोटांना कळल्या की कुठे वजन जास्त आहे, कुठे कड घासते, हे डोळ्यांआधी समजते. शिवाय वेग. गोगलगायीच्या शंखासारख्या आकाराचा कॅम काडीला सावकाश वर नेतो आणि एकदम खाली सोडतो. पेंगणाऱ्याचे दचकणे, फळ पडणे, दरवाजा आपटणे यांसाठी तो उत्तम. दांडा हळू फिरवणारा माणूस त्या पडण्याची वाट बघतो, आधीच गालात हसू लागतो. भरभर फिरवणाऱ्याला फक्त खडखडाट मिळतो. मोटरवर लावलेला विनोद तिसऱ्या फेऱ्याला शिळा होतो. हातावरचा होत नाही, कारण प्रत्येक वेळी तो सांगणारा वेगळा असतो.

या शंखी कॅमची एक अडचण आहे. तो एकाच दिशेने फिरतो. उलटा फिरवला की काडी उभ्या कडेवर अडकते आणि काहीतरी तुटते. प्रदर्शनात ठेवलेला दांडा मुले हमखास उलटा फिरवतात. म्हणून आसावर दातेरी चकती आणि तिच्यावर टेकलेली बांबूची पट्टी, म्हणजे रॅचेट, हवीच. त्याचा कटकट आवाजही छान येतो. साध्या गोल चकतीला मात्र दोन्ही दिशा चालतात. भोक मध्यापासून एक सेंटिमीटर सरकवले की काडी दोन सेंटिमीटर वरखाली होते, मऊपणे, श्वास घेतल्यासारखी. झोपलेल्या माणसाच्या पोटासाठी दुसरे काही लागत नाही. काडीच्या तळाशी गोल चकती लावून ती कॅमच्या मध्यावर न टेकवता जरा बाजूला टेकवली, तर वरखाली होता होता ती फिरतेही. दोन बाजूंना दोन कॅम लावले की आळीपाळीने डावीउजवीकडे वळते. मान हलवून नाही म्हणणारी सासू अशी होते.

सापडलेल्या वस्तूंचे म्हणाल तर, त्यात नुसता काटकसरीचा भाग नाही. छत्रीच्या काड्या आधीच सांध्यांसकट मिळतात. बिघडलेल्या प्रिंटरमध्ये पोलादाचा जो सरळसोट दांडा असतो तितका सरळ आस हार्डवेअरच्या दुकानात शोधून सापडत नाही. सायकलचा स्पोक वाकवला तर क्रँक, आणि संपलेल्या बॉलपेनची रिफिल कापली तर बारीक तारेला बुश, म्हणजे फिरायला नळी. रबरी चपलेच्या तळव्याचा कॅम घसरत नाही, पण आवाज करीत नाही म्हणून काहींना आवडत नाही. करवंटी घुमते. पत्र्याच्या डब्याची कड हात कापते, ती आधी कानसून घ्यावी. लाकडावर लाकूड घासत असेल तर मेणबत्ती फिरवावी, तेल नको. तेलाने लाकूड फुगते. पावसाळ्यात कोकणात तसेही फुगतेच, त्यामुळे जूनमध्ये बांधलेले यंत्र मार्चमध्ये खिळखिळे आणि मार्चमध्ये बांधलेले जूनमध्ये जाम, हा तिथला नियम धरून चालावे. नव्या, सारख्या मापाच्या सामानाने काम करणारा आधी प्रसंग ठरवतो आणि मग भाग शोधतो. भंगारावर काम करणाऱ्याला बहुतेक वेळा वस्तूच प्रसंग सुचवते. ज्या पक्कडीचे तोंड नीट मिटत नाही, ती आपोआप एखादा ओरडणारा कावळा होऊन बसते.

इथे एक तक्रार नोंदवतो. टाकाऊतून टिकाऊ या नावाखाली चौकाचौकांत सायकलच्या साखळ्यांचे जे मोर आणि घुबडे उभी राहिली आहेत, त्यांतले बहुतेक जागचे हलत नाहीत. साखळी हा फिरण्यासाठी जन्मलेला पदार्थ आहे. तिला पिसारा म्हणून वेल्ड करून टाकणे मला तरी क्रूर वाटते. दुसरी तक्रार तयार किटांबद्दल. लेझरने कापलेले भाग खोबणीत बसवले की वाघोबा चालू लागतो. मुलाला आनंद होतो, तो खोटा नाही. पण भोक कुठे पाडायचे हा प्रश्नच ज्याने सोडवला नाही त्याने यंत्र जोडले, केले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञानकेंद्राने पुठ्ठ्याच्या यंत्रबाहुल्यांचा जो खेळ जगभर नेला, त्यात भोक ज्याचे त्यालाच पाडावे लागते. म्हणून तो मला आवडतो.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर देताना मोबाइलवर राग काढण्याची प्रथा आहे. मी ती पाळणार नाही. एवढे मात्र खरे की घरातली हलणारी वस्तू आता झाकलेली असते. आजीच्या शिवणयंत्राची सुई, रसवंतीचा चरक, सायकलची साखळी यांची कार्यपद्धती बघून कळे. आज वॉशिंग मशीन असो की मिक्सर, आतले फिरणे आवाजावरूनच ताडायचे. यंत्रे तीच आहेत. रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांतल्या झडपा कॅमवरच उघडतात आणि मिटतात. ज्या मुलीने एकदा पुठ्ठ्याचा कॅम कापला आहे तिला गॅरेजमधला मेकॅनिक काय बोलतो ते कळेल, आणि तो फसवत असेल तर तेही कळेल. शाळांना हे पुस्तक उपयोगी पडेल यात शंका नाही. पण विज्ञान प्रदर्शनात मांडलेली बरोबर आणि कंटाळवाणी मॉडेल्स मी इतकी पाहिली आहेत की शिक्षकांना एक सांगावेसे वाटते : आधी हसू येऊ द्या, तत्त्व नंतर सांगा. नाही सांगितले तरी चालेल.

या पुस्तकाच्या लेखिकेने स्वतःला एक बंधन घालून घेतले आहे, आणि ते मला पुस्तकाचे बळ वाटते. यातला कुठलाही नमुना वीज मागत नाही आणि कुठल्याही नमुन्यात ऑनलाइन मागवावा लागेल असा भाग नाही. कृती क्रमाने दिल्या आहेत, पण सामानाची यादी जागोजागी सैल ठेवली आहे : ‘साधारण एवढ्या जाडीची तार’, ‘मिळेल ते झाकण’. स्वयंपाकाच्या पुस्तकात अंदाजाने मीठ असे लिहिलेले वाचून नवशिक्या जसा चिडतो तसा काहीसा अनुभव पहिल्या प्रकरणात येईल. चिडावे आणि पुढे जावे. तुमच्या घरातले झाकण तिच्या घरातल्यापेक्षा वेगळे असणारच, आणि त्यावरून यंत्र बदलणे हेच तर शिकायचे आहे. फसलेले नमुनेही तिने फोटोसकट दिले आहेत. मराठी हस्तकलेच्या पुस्तकांत ही सवय दुर्मिळ आहे.

उणिवा आहेत. हलत्या देखाव्यांच्या कारागिरांवर एक स्वतंत्र भाग हवा होता; तो विषय दुसऱ्या पुस्तकाएवढा आहे हे तिचे म्हणणे मी मान्य केले, पण ते दुसरे पुस्तक तिनेच लिहावे असा आग्रहही धरला आहे. पाण्यावर आणि वाऱ्यावर चालणारी यंत्रे इथे जवळजवळ नाहीत. गिअरवरचा मजकूर मला तोकडा वाटतो. हेन्री ब्राउन या अमेरिकन लेखकाने १८६८ मध्ये ५०७ यांत्रिक हालचालींचे एक सचित्र पुस्तक काढले होते. ज्यांना गिअरची भूक जास्त आहे त्यांनी ते जरूर मिळवावे. जुने असल्याने ते सहज मिळते आणि चित्रे कळायला इंग्रजीची फारशी गरज पडत नाही.

पहिला नमुना पुठ्ठ्याचाच करा, लाकडाला हात लावू नका. आणि बांधून झाल्यावर पेटीची पुढची बाजू बंद करू नका. पेटी डगमगते म्हणून ती मिटवून टाकण्याचा मोह होतो. मजबुतीच हवी असेल तर मागची बाजू मिटवा.